दोन पडदे आणि चार ओळी

संगणकाला आज्ञा लिहिणे हे सायन्सवाल्यांचे काम, आर्ट्सवाल्यांनी फार तर टायपिंग करावे, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो मला मान्य नाही. उदाहरण मात्र अगदी क्षुल्लक घेतो.

जुन्या वृत्तपत्राचे स्कॅन केलेले पान वाचून मजकूर उतरवून घ्यायचा, तर दोन पडदे हवेत. एक उभा, त्यावर मूळ पान. दुसरा आडवा, त्यावर आपले लिखाण. पडदा जोडला की तो तारेतून संगणकाला आपली ओळख सांगतो. 'ईडीआयडी' नावाची ही जेमतेम १२८ बाइटांची पत्रिका. तीत कंपनी, मॉडेल, चालणारी मापे असतात. पण तो टेबलावर डावीकडे आहे की उजवीकडे, हे पत्रिकेत कुठून येणार? ते माणसानेच सांगायचे! जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या हलक्या लिनक्समध्ये तर ही मांडणी पुष्कळदा रोज नव्याने करावी लागते, आणि आम्ही लॅबमधल्या कुणाची तरी वाट पाहत बसतो. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्याला तर असे गप्प बसण्याची सवयच असते.

वास्तविक 'एक्सरँडआर' या आज्ञेच्या चार ओळी फाइलमध्ये लिहून ठेवल्या आणि लॉगिनबरोबर त्या चालतील असे केले, की काम झाले. तिचे शब्द तरी कोणते? आउटपुट, राइट-ऑफ, रोटेट, लेफ्ट. शाळेतल्या इंग्रजीपलीकडे यात काय आहे? दुसरा पडदा जोडलेला असेल तर पसरावे, नसेल तर एकावरच थांबावे, एवढी अट घातली म्हणजे पुरे. ही 'जर-तर'ची विधाने तर तर्कशास्त्रातली, म्हणजे आमच्याच शाखेतली!

कोणी म्हणेल, हे ज्ञान शिळे होणारे आहे. खरे आहे. १९८४ साली एमआयटीत जन्मलेल्या 'एक्स' प्रणालीची जागा आता 'वेलँड' घेत आहे, आणि तिथे एक्सरँडआरने पडदे मांडता येत नाहीत. आज्ञा बदलेल, पण आधी काय जोडले आहे ते विचारावे, मग मांडावे, हा क्रम तिथेही सुटत नाही.

तेव्हा तर्कशास्त्राचे निदान दोन तास पुढल्या वर्षी संगणककक्षात व्हावेत, आणि त्या दिवशी कक्षाची किल्ली आमच्या वर्गाकडे असावी.