चित्र फिरू द्या, सहीसकट

दिवाळी जवळ आली की चित्रकार दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ अंकांची जुनी मुखपृष्ठं मोबाइलवर फिरू लागतात. गणेशोत्सवात रघुवीर मुळगावकरांचे देव निघतात. त्यांवर एखाद्या इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो नेमका खालच्या कोपऱ्यात चिकटवलेला असतो, म्हणजे जिथे चित्रकाराची सही असते तिथेच. गेलेले चित्रकार तक्रार करायला येत नाहीत. हयात असलेल्याने तोंड उघडलं, तर त्याच्यासाठी तीन उत्तरं तयार असतात: नेटवर टाकलंत म्हणजे ते सगळ्यांचं झालं, तुमची फुकटात प्रसिद्धी होते, आणि एवढंच दुखत असेल तर कोर्टात जा.

पहिल्या उत्तराला काडीचा आधार नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं की हक्क निर्माण होतो. त्याला नोंदणी लागत नाही की शिक्का लागत नाही. तो चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं टिकतो. दलाल 1971 साली गेले, मुळगावकर 1976 साली. म्हणजे त्यांच्या चित्रांवरचे हक्क अनुक्रमे 2031 आणि 2036 अखेरपर्यंत शाबूत आहेत. ते आज कोणाकडे, हा प्रश्न चित्रागणिक वेगळा. कारण मोबदला देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. पण कोणाकडे तरी आहेत, सगळ्यांकडे नाहीत. इन्स्टाग्रामच्या अटी मान्य करताना चित्रकार परवानगी देतो ती त्या कंपनीला, नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्याला नव्हे.

प्रसिद्धीचा मुद्दा जरा वजनदार आहे, म्हणून त्यावर थांबतो. असं म्हणणारे लोक राजा रविवर्म्याचा दाखला हटकून देतात: त्याने चित्रं छापून घराघरांत पोचवली म्हणूनच तो मोठा झाला ना? झाला. पण 1894 साली मुंबईत त्याने छापखाना काढला तो चित्रं वाटायला नव्हे, विकायला. प्रती कशा निघतील हे आपल्या हाती असावं, हाही हेतू असणारच. पुढे तो छापखाना जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांनी घेतला, तेव्हा चित्रं छापण्याच्या हक्कांचाही व्यवहार झाला. आणि ती चित्रं घरोघरी गेली ती नावासकट. आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी कोणाची हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. आज सही कापलेली लक्ष्मी हजार ग्रुपांतून फिरली तरी तिच्या चित्रकाराला पुढचं काम कोण आणि कुठल्या पत्त्यावर देणार? नाव गाळून होणारी प्रसिद्धी ही पाठवणाऱ्याची प्रसिद्धी. चित्राच्या फाइलीत दडलेली माहितीही व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना गळून पडते; उरते ती कोपऱ्यातली सही, आणि तीही आपण कापतो.

मात्र दुसऱ्या टोकाला बसलेल्या काही चित्रकारांचंही मला पटत नाही. त्यांच्या लेखी प्रत्येक फॉरवर्ड म्हणजे चोरी. मूळ चित्र जागेवरच असताना आणि आत्याने भाचीला आवडलं म्हणून पाठवलं असताना हा शब्द फार मोठा होतो. खासगी वापर, समीक्षा, बातमी यांसाठी कायद्यानेही वाट मोकळी ठेवली आहे. उपाय म्हणून चित्राच्या मधोमध वॉटरमार्क ठोकला, तर अडते ती बघणाऱ्याची नजर. विकायला निघालेला माणूस ती खूण सॉफ्टवेअरने मिनिटात पुसतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने याबाबत शहाणे आहेत. ‘घ्या, वाटा’ म्हणणारे त्यांतले सहाही परवाने नाव द्यायची अट सोडत नाहीत, आणि धंद्यासाठी वापर नको असेल तर तसंही सांगता येतं.

राहिलं तिसरं उत्तर, कोर्टाचं. शिल्पकार अमरनाथ सहगल गेले होते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प 1979 साली सरकारने उखडलं आणि गोदामात टाकलं. पैसे सरकारने दिलेले, कॉपीराइटही सरकारचा. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की कलाकृतीशी कर्त्याचं नातं विक्रीने तुटत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम 57 ते राखतं. पाच लाखांची भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत, असा निकाल झाला. दावा 1992चा, निकाल 2005चा. तेरा वर्षं! एका मुखपृष्ठाच्या मानधनावर महिना काढणाऱ्याने हा रस्ता धरावा, असं सांगणारा एक तर वकील असावा किंवा तोच फ्लेक्सवाला. 2012च्या दुरुस्तीने तर कर्त्याचं नाव वगैरे ओळख जाणूनबुजून काढून टाकणं हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. हे कलम किती मंडळांच्या कार्यकर्त्यांनी ऐकलं असेल?

म्हणून माझं म्हणणं दोन वाक्यांचं आहे. चित्रातून कोणी पैसा किंवा मतं मिळवत असेल, तर आधी विचारावं आणि मोल द्यावं. बाकीच्यांनी खुशाल पाठवावं, पण नावासकट आणि न कापता. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांना चित्रं खाऊ घालण्याचा नवा वाद देशोदेशीच्या न्यायालयांत चालू आहे. तो इथे ओढत नाही, पण ‘विचारलं होतं का?’ हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

संपादक, मंडळवाले आणि उमेदवार यांनी येत्या सणात एवढं करावं: चित्र वापरण्याआधी चित्रकाराला एक फोन करावा, मानधन ठरवावं, आणि आपला फोटो सहीवर न चिकटवता दुसऱ्या कोपऱ्यात लावावा.