‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणण्याआधी

जून २०१७च्या अखेरीस न्हावा शेवा बंदरातले ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनल ठप्प झाले. वादळ नव्हते, संपही नव्हता. टर्मिनल चालवणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या संगणकांत ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम शिरला होता. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय आणि कुठल्या ट्रकवर चढवायचाय, हे सांगणारी यंत्रणाच गेली. एरवी खालापूरवरून घाट चढून पुण्याकडे जाणारा माल रायगडच्याच किनाऱ्यावर अडकला आणि माणसे कागद-पेन घेऊन कामाला लागली.

मर्स्क यातून सावरली कशी, याचा सविस्तर वृत्तान्त पुढे ‘वायर्ड’ मासिकाने छापला. कोपनहेगनच्या मुख्यालयातल्या कँटीनमध्ये जेवणाच्या टेबलांवर वीस-वीस संगणक मांडले गेले. मदतकक्षातले कर्मचारी हातात पेनड्राइव्ह घेऊन रांगेतून फिरत होते, एकेका संगणकाला लावून विंडोज नव्याने चढवत होते. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक असे पुन्हा उभे केले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८मध्ये दावोसला सांगितले. त्यातलाच एक किस्सा घानाचा. जगभरातल्या वापरकर्त्यांची नोंद सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकदम पुसले गेले, पण घानातला एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती.

लाइट जाण्याचा असा फायदा रायगडमधल्या कर्जत-खालापुरात कुणाला झाल्याचे ऐकिवात नाही. इथे ती संगणकाच्या मुळावरच येते. पावसाळ्यात विंडोजचे अपडेट अर्ध्यावर असते, यूपीएसची बॅटरी कधीच मान टाकून बसलेली असते आणि वीज जाते. हार्डडिस्कवरची एखादी महत्त्वाची फाइल अर्धीच लिहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर निळा रंग दिसतो. मग सीपीयू उचलायचा, कशेळे किंवा खांडसहून कर्जत गाठायचे, वावोशीकडून खोपोली. दुकानातल्या पोराला सांगायचे, ‘फॉरमॅट मारून दे.’ तो खिशातून पेनड्राइव्ह काढतो आणि तासा-दोन तासांत विंडोज टाकून देतो. त्याच्या हातोटीबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. लक्ष द्यायला हवे ते त्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे आणि ते आले कुठून, याकडे.

कोपनहेगनच्या कँटीनमधला पेनड्राइव्ह आणि खोपोलीच्या दुकानातला पेनड्राइव्ह वस्तू म्हणून एकच. पण पहिल्यात कंपनीने स्वतः तयार केलेली स्वच्छ प्रत होती. दुसऱ्यात बहुधा कुठून तरी उतरवलेली, ‘ऑल इन वन’ म्हणून फिरणारी, आधीच क्रॅक केलेली विंडोज असते. ती चालू ठेवणारा ॲक्टिव्हेटर टाकताना पहिली सूचना येते ती अँटिव्हायरस बंद करण्याची. ज्या संगणकावर पुढे बँकेचे व्यवहार, दाखले आणि आधारचे काम होणार, त्याचा पहारेकरी सुरुवातीलाच घरी पाठवला जातो. याचा दोष एकट्या दुकानदाराचा नाही. ‘ओरिजिनल नको, क्रॅक टाक, चालतंय’ हे वाक्य काउंटरच्या अलीकडून येते.

यातला सर्वांत हास्यास्पद भाग असा की बऱ्याचदा या चोरीची गरजच नसते. विंडोज ८ आल्यापासून, म्हणजे २०१२नंतर, विंडोजसह विकल्या गेलेल्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉप-संगणकांच्या मदरबोर्डमध्येच परवान्याची किल्ली साठवलेली असते. त्याच आवृत्तीची मूळ विंडोज पुन्हा टाकली की ती किल्ली आपोआप ओळखली जाते. विंडोज १०पासून परवान्याची नोंद त्या यंत्राच्या नावे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही राहते. तरीही दुकानात होम आवृत्तीच्या लॅपटॉपवर क्रॅक केलेली प्रो चढवली जाते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. किल्ली खिशात असताना स्वतःच्याच घराची खिडकी फोडून आत शिरावे, तसला हा प्रकार.

म्हणून म्हणणे एवढेच: प्रत्येक शाळेने, ग्रामपंचायतीने, सेवा केंद्राने आणि पतसंस्थेने आपला बूटेबल, म्हणजे संगणक ज्यावरून सुरू करता येतो असा, पेनड्राइव्ह मूळ ठिकाणाहून आपण तयार करावा आणि आपल्याच कपाटात ठेवावा. त्याला फार मोठी विद्या लागत नाही. आठ जीबीचा किंवा मोठा पेनड्राइव्ह आणि बरे इंटरनेट पुरते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर ‘मीडिया क्रिएशन टूल’ फुकट मिळते, ते विंडोज उतरवून पेनड्राइव्ह तयार करून देते. उतरवलेली आयएसओ, म्हणजे अख्खी विंडोज सामावणारी एकच फाइल, हाताशी असेल तर ‘रुफस’ हा छोटा मोफत प्रोग्राम तेच काम करतो. पेनड्राइव्हवर आधीचे जे असेल ते सगळे पुसले जाते, हे मात्र लग्नाचे फोटो ठेवणाऱ्यांनी आधी ऐकून घ्यावे.

पुष्कळ जण आयएसओ फाइल नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करतात आणि संगणक तिच्याकडे ढुंकून पाहत नाही म्हणून वैतागतात. संगणक चालू होताना आधी मदरबोर्डवरचा प्रोग्राम जागा होतो. जुन्या यंत्रांत तो बायोस, नव्यांत यूईएफआय. सुरुवात करून देणारी फाइल ठरलेल्या जागी, ठरलेल्या मांडणीत असेल तरच तो पुढे सरकतो. त्यात आणखी एक मेख आहे. यूईएफआयला फॅट३२ पद्धतीने आखलेला पेनड्राइव्ह हमखास वाचता येतो, पण फॅट३२वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजच्या आयएसओतली मुख्य फाइल हल्ली तेवढ्यात बसत नाही. मीडिया क्रिएशन टूल ती अधिक दाबून लहान करते. रुफस पेनड्राइव्ह एनटीएफएसने आखतो आणि यूईएफआयला तो वाचता यावा म्हणून एक छोटा विभाग सोबत जोडतो. फुटपाथवर स्वस्तात मिळणारे ६४ जीबीचे पेनड्राइव्ह कित्येकदा आतून त्याच्या पावपटही नसतात. ते तपासायची सोयही रुफसमध्ये आहे, आणि ती वापरावीच.

अडचण असते ती इंटरनेटची. विंडोज ११ची आयएसओ ५ जीबीहून मोठी आहे. दिवसाला दीड-दोन जीबी डेटावर चालणाऱ्या वाडीवस्तीवरच्या शाळेने ती मोबाइलवरून उतरवायची म्हणजे शिक्षकाने तीन-चार दिवस स्वतःच्या फोनचा उपास करायचा. पंचायत समित्यांनी इथे पुढे यावे. कर्जत आणि खालापूर या दोन्ही ठिकाणी एका संगणकावर ताज्या, अधिकृत आयएसओ उतरवून ठेवाव्यात. ज्याला हवा त्याने पेनड्राइव्ह घेऊन यावे आणि तयार करून न्यावा. खर्च जवळजवळ शून्य, आणि ठराव करायला एक मासिक सभा पुरे.

सरकारी कामाच्या संगणकात विंडोज टाकून झाली की निम्मेच काम झालेले असते. सरपंच आणि ग्रामसेवकांच्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो, नाहीतर ई-ग्रामस्वराजवरची देयके अडून बसतात. सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर आणि त्या यंत्राची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस लागते. जुनी पत्रे आणि अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले असतील तर फॉन्ट नसल्यामुळे पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात आणि फाइलच बिघडली असे समजून कुणीतरी ती पुसून टाकतो. हे सगळे ड्रायव्हर आणि परवान्याने घेतलेले फॉन्ट त्याच पेनड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवले तर दुकानाच्या पुढच्या दोन फेऱ्या वाचतात. आणखी एक खबरदारी: विंडोज ११च्या नव्या यंत्रांत डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ अंकी रिकव्हरी की आधी काढून ठेवावी; ती कुठेच मिळाली नाही, तर बंद पडलेल्या विंडोजमागचा डेटा जगातला कुठलाच तंत्रज्ञ परत आणू शकत नाही.

आता जुन्या यंत्रांकडे वळू. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. विंडोज ११ मात्र टीपीएम २.० चिप मागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचाच प्रोसेसर स्वीकारते. आठवी पिढी आली २०१७मध्ये. त्याआधीची शाळांतली, वाचनालयांतली यंत्रे नियमाप्रमाणे बाद ठरतात, जरी टायपिंग, पाढे आणि भूगोलाचे व्हिडिओ यांना ती अजून पुरून उरतात. हे नियम चुकवून विंडोज ११ चढवायच्या युक्त्या दुकानांत चालतात. शाळेने त्या नादी लागू नये. पुढचे मोठे अपडेट आपोआप येईल याची अशा यंत्राला खात्री नसते.

अशा यंत्रांसाठी लिनक्स हे उत्तर आहे, आणि ते तात्पुरते समजायचे कारण नाही. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅममध्ये व्यवस्थित चालते. तिचा पेनड्राइव्ह लावून, हार्डडिस्कला हात न लावता, आधी चालवून पाहता येते: आवाज येतो का, वायफाय लागते का, प्रिंटर ओळखला जातो का. जमले नाही तर पेनड्राइव्ह काढा, संगणक होता तसाच. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्सही २००७पासून आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर संगणक शिक्षण कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. २००१मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ म्हणून सुरू झालेला तो प्रकल्प आज ‘काइट’ ही सरकारी कंपनी चालवते, शाळांसाठी स्वतःची लिनक्स तयार करते आणि शिक्षकांना ती वापरायला शिकवते. सेवा केंद्रांना हा सल्ला देता येत नाही, कारण तिथल्या ठशांच्या यंत्रांचे आणि टोकनचे गणित अजून विंडोजभोवतीच बांधलेले आहे. शाळांना ती सबब नाही.

यात दुकानातल्या पोराच्या पोटावर पाय येईल, अशी शंका कुणी काढेल. पण त्याचे खरे काम वेगळेच आहे. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवणे, गेलेला डेटा काढणे, यूपीएसची बॅटरी बदलणे, यासाठी त्याला योग्य पैसे द्यावेत. एमएस-सीआयटीच्या वर्गांनीही एक तास यासाठी ठेवावा आणि प्रत्येक मुलाकडून त्याच्या हाताने एक पेनड्राइव्ह तयार करून घ्यावा. त्यावर चिठ्ठी चिकटवावी: आवृत्ती कोणती, कुठल्या तारखेला उतरवली, आणि बूट मेनूसाठी कुठली कळ दाबायची. डेल-लेनोवोला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात पाऊस सुरू व्हायच्या आधी, तो पुसून नव्या आवृत्तीने भरावा आणि एखाद्या संगणकाला लावून खरेच चालू होतो का ते बघावे.