नातवाचे विमान

आमच्या कार्यालयात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यांचा मुलगा अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत आहे. गेल्या जुलैत त्यांनी मोबाईल आमच्यापुढे धरला आणि म्हणाले, "बघा, आमचा नातू पायलट झाला!"

चित्रफितीत ४ जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस खुर्च्या टाकून माणसे बसलेली, मुलांच्या हातात झेंडे. आधी बँड गेला, आगीचा बंब गेला आणि मागून चक्क एक करड्या रंगाचे लष्करी विमान रस्त्यावरून चालत आले. उंचीने माणसाच्या डोक्याबरोबर. आत गणवेशातील एक इसम स्टिअरिंग धरून बसला होता आणि लोकांना हात हलवीत होता. मिरवणूक संपल्यावर ते विमान एका मैदानावर उभे राहिले, पोरांची रांग लागली आणि आमच्या सहकाऱ्यांचा सहा वर्षांचा नातू त्यात जाऊन बसला. हेल्मेट पार डोळ्यांवर आलेले. मागे घडीच्या टेबलावर पत्रके, पेने, किल्ल्यांच्या साखळ्या मांडलेल्या. टेबलामागे भरती अधिकारी, हसतमुख.

"एक पैसा घेतला नाही हो," सहकारी म्हणाले.

आम्ही कारकून माणूस. फुकट हा शब्द कानावर पडला की आमचे लक्ष खर्चाच्या खात्याकडे जाते. बी.कॉम. केले ते एवढ्यापुरते तरी कामी येते.

ही विमाने उडत नाहीत. खाली गोल्फच्या मैदानावरील गाडीचा किंवा शेतावरील छोट्या मोटारगाडीचा सांगाडा असतो. त्यावर फायबर किंवा पत्र्याचे अंग चढवितात, पंख, शेपूट, तळाचे बोधचिन्ह सारे हुबेहूब रंगवितात. पुष्कळदा विमानांची दुरुस्ती करणारे जवानच ती आपल्या कौशल्याने बनवितात, आणि कारागिरी पाहून कौतुक वाटावे अशीच ती असतात. लढाऊ विमानांच्या अशा प्रती आहेत, तशाच अवाढव्य मालवाहू विमानांच्याही. अमेरिकन हवाई दलाच्या राखीव विभागाने सी-१७ या मालवाहू विमानाची अशी छोटी प्रत करून मिरवणुकांतून फिरविली आहे. नातू बसला होता तेही त्याच घाटाचे. खरे सी-१७ सुमारे ५३ मीटर लांब, चार इंजिनांचे, ७५ टनांहून अधिक ओझे उचलणारे. आपल्या वायुदलाकडेही अशी अकरा विमाने आहेत.

आता एवढा खटाटोप कशासाठी? व्हिएतनामच्या युद्धापर्यंत अमेरिकेत सक्तीची भरती होती. सरकारचा हुकूम आला की तरुणाला जावे लागे. १९७३ साली ती सक्ती संपली. तेव्हापासून फौजेला तरुण मिळवावे लागतात, दुकानदार गिऱ्हाईक मिळवितो तसे. १९८६ साली 'टॉप गन' हा चित्रपट लागला तेव्हा काही चित्रपटगृहांबाहेर नौदलाने भरतीची टेबले मांडली. २००२ साली लष्कराने संगणकावरचा युद्धाचा खेळ काढून फुकट वाटला, तो वीस वर्षे चालला. २००८ साली फिलाडेल्फिया शहरातल्या एका बाजारसंकुलात लष्कराने खेळांचे केंद्रच थाटले. तेरा वर्षांची पोरेही तेथे खोट्या हेलिकॉप्टरात बसून पडद्यावरच्या शत्रूवर गोळ्या झाडीत. तेथील नागरिकांनी, त्यात माजी सैनिकही होते, निदर्शने केली. २०१० साली ते केंद्र बंद झाले. अलीकडे २०२२ साली लष्कराला ६०,००० तरुण हवे होते, त्यांत सुमारे १५,००० कमी पडले. पुढे भरती सुधारली, पण कमी पडण्याची धास्ती गेलेली नाही.

त्या मानाने मिरवणुकीतले विमान बापुडे अगदी निरुपद्रवी. ते कोणावर गोळी झाडत नाही. सहकाऱ्यांनी तेच म्हटले. "सहा वर्षांच्या पोराला कोण भरती करतो? खेळणे आहे, बसला, उतरला." आणि मग थोडे लागेल असे बोलले: "तुम्हा लोकांच्या तर घराघरांत फौजी होऊन गेले. तुम्हीच नाक मुरडता?"

हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते आणि बाबासाहेबांचा जन्मच १८९१ साली महूच्या छावणीतला. फौजेच्या पगाराने आपल्या कित्येक घरांत पहिली पाटी आली. पुढे इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली तेव्हा ती उघडावी म्हणून आपल्या वाडवडिलांनी अर्ज केले, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. शिपाईगिरीला आम्ही नावे ठेवीत नाही. अमेरिकेतही गरिबाच्या मुलाला फौज पुष्कळ देते. २००८ च्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे सक्रिय सेवा केलेल्यास सरकारी महाविद्यालयाची पूर्ण फी मिळते. तेथे महाविद्यालयाच्या फीपायी घरे कर्जात बुडतात, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हे.

पण आपले आजोबा भरतीला गेले ते डोळे उघडे ठेवून. त्यांना कोणी खेळण्यात बसविले नव्हते. बंदूक म्हणजे काय आणि घरी मागे कोण राहणार, हे ठाऊक असलेल्या माणसाने दिलेला अंगठा वेगळा, आणि सहाव्या वर्षी हेल्मेट घालून काढलेल्या फोटोपासून सुरू झालेली सही वेगळी.

त्या सहीचा कागद आम्ही पाहिला आहे. कोणालाही पाहता येतो. छापील नमुना आहे. त्यात दोन गोष्टी आमच्या कारकुनी नजरेला टोचल्या. मुलगा चार वर्षांसाठी भरती झाला तरी एकूण बांधिलकी साधारण आठ वर्षांची असते. उरलेली वर्षे राखीव दलात, बोलावणे आले की हजर. दुसरे कलम असे की, कायदे व नियम पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात आणि त्यामुळे पगार, भत्ते, सवलती, दर्जा बदलला तर कागदात काहीही लिहिलेले असो, तो बदल लागू. आमच्या पतपेढीने असे कलम कर्जाच्या अर्जात घातले असते तर सभासदांनी वार्षिक सभा उधळली असती. इराकच्या युद्धात मुदत संपलेल्या हजारो जवानांना सेवेत अडकवून ठेवले गेले, ते कायद्यानेच.

हा कागद अठराव्या वर्षी स्वतःच्या सहीने होतो आणि सतराव्या वर्षी आई-वडिलांच्या संमतीने. आपल्याकडेही २०२२ च्या अग्निपथ योजनेत साडेसतराव्या वर्षापासून घेतात आणि अठरा पुरी नसतील तर पालकाची सही लागते. तेव्हा हे परदेशचे प्रकरण म्हणून वाचकांनी पान उलटू नये.

आणखी एक गोष्ट आम्ही सहकाऱ्यांना सांगितली, ती त्या सी-१७ विषयी. युद्धात मेलेल्या अमेरिकन जवानांच्या पेट्या झेंड्यात गुंडाळून डेलावेअर राज्यातील डोव्हर तळावर आणतात. त्या आणणाऱ्या विमानांत सी-१७ असते. १९९१ पासून २००९ पर्यंत, तब्बल अठरा वर्षे, त्या पेट्या उतरताना वृत्तपत्रांना फोटो घेण्यास बंदी होती. २००९ पासून घरच्यांची संमती असेल तर घेता येतो. म्हणजे छोट्या विमानापुढे पोराला उभे करून वाटेल तितके फोटो काढा, आणि मोठ्या विमानातून पोरगा परत आला की तब्बल अठरा वर्षे कॅमेरा बाहेर होता. न्याय म्हणून हेही सांगतो की, १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलहून याच जातीच्या एका विमानाने एका खेपेत ८२३ माणसे सुखरूप बाहेर काढली, त्यांत १८३ मुले होती. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या सी-१७ ला लोंबकळलेली माणसे वरून पडून मेली. दोन्ही खरे आहे. मिरवणुकीच्या टेबलावरील पत्रकात यातले किती असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

सहकारी बराच वेळ गप्प बसले. मग विचारले, "मग आता करायचे काय? सुनेला काय सांगू?"

खेळणे हिसकावून घ्या असे आम्ही म्हणालो नाही. पोर आहे, बसेल. पण तेथे एक कायदा आहे. २००२ पासून केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या माध्यमिक शाळांना भरती अधिकाऱ्याने मागितली की विद्यार्थ्यांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक द्यावे लागतात. २०१५ साली शिक्षणाचा कायदा नवा झाला, तरी हे कलम राहिले. त्यातच पळवाट नव्हे, सरळ वाट आहे: आमच्या मुलाची माहिती देऊ नये असे पालकाने शाळेला लेखी कळविले की शाळा देत नाही. पुष्कळ पालकांना हे ठाऊकच नसते. शाळा वर्षाच्या आरंभी कागदांचा गठ्ठा पाठविते, त्यात तो एक कागद दबून जातो.

सुनेने फोनवर सारे ऐकून घेतले. ती म्हणाली, "बाबा, तो नववीत जायला अजून आठ वर्षे आहेत." तरी पत्राचा मसुदा पाठवा म्हणाली. आम्ही दुपारच्या सुट्टीत तो मराठीत लिहून दिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळे रीतसर. इंग्रजी ती करील. नातवाच्या फोटोची मोठी प्रत मात्र सहकाऱ्यांनी काढून आणली असून ती त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे, आणि मसुद्याची घडी तिच्याच खाली सरकवून ठेविली आहे.