तोटा रुळांचा नव्हता

विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनची रेल्वे आक्रसली, त्याची हकिकत सहसा एका दमात सांगितली जाते. मोटार आली, वाफेची इंजिनं कालबाह्य झाली, खेड्यापाड्यांच्या गाड्या रिकाम्या धावू लागल्या आणि 1963 साली रेल्वे मंडळाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी मेलेल्या मार्गांना फक्त मूठमाती दिली. काळापुढे कोणाचं काय चालतं, असा या सांगण्याचा सूर असतो. मला तो मुळीच मान्य नाही. इंजिन बदलणं आणि गाडी बंद करणं हे दोन वेगळे निर्णय होते. पहिला अटळ होता. दुसरा माणसांनी घेतला, आणि तोही कच्च्या हिशेबावर.

वाफ जायलाच हवी होती. थंड इंजिनात वाफ धरायला कित्येक तास लागत. त्यासाठी पहाटेच्या अंधारात शेडमध्ये कोणीतरी भट्टी पेटवायची, फेरी संपली की राख उपसायची, धुरांड्याखालची काजळी खरवडायची, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायचा. युद्धानंतर कारखान्यांत याहून बरी नोकरी मिळू लागली, तेव्हा या कामाला माणूस मिळेना. 1948 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं त्या वेळी वाफेची वीस हजारांवर इंजिनं होती. 11 ऑगस्ट 1968 रोजी लिव्हरपूल, मँचेस्टर, कार्लाइल अशी निरोपाची गाडी धावली आणि मुख्य मार्गांवरची वाफ संपली. तिच्यासाठी हळहळणाऱ्यांनी भट्टीसमोर फावडं मारणाऱ्या फायरमनचाही विचार करावा.

मात्र वाफ घालवताना जी घिसाडघाई झाली, ती कोणत्याही काळाने लादलेली नव्हती. मार्च 1960 मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून ‘ईव्हनिंग स्टार’ बाहेर पडलं. ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं हे वाफेचं शेवटचं इंजिन. मालगाडीचं असूनही त्याला प्रवासी इंजिनांचा गडद हिरवा रंग दिला होता, धुरांड्याला तांब्याची कड होती. ते अनेक दशकं चालू शकलं असतं, पण 1965 मध्येच ते सेवेतून काढलं गेलं. दुसरीकडे 1955 च्या 124 कोटी पौंडांच्या आधुनिकीकरण योजनेखाली डिझेल इंजिनांचे कितीतरी नमुने पुरेशा चाचणीविनाच मागवले गेले. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची वाफेची इंजिनं भारतातही धावली, नावाजली गेली. तिची डिझेलं मात्र वारंवार नादुरुस्त होत, आणि 1962 मध्ये ती कंपनीच बुडाली. त्याच वर्षी रेल्वेचा तोटा 10 कोटी 40 लाख पौंडांवर गेला. आणि बोट कुठे दाखवलं गेलं? खेड्यांकडे जाणाऱ्या फाट्यांकडे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

बीचिंग यांच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं, की आकडे खोटं बोलत नाहीत. 27 मार्च 1963 च्या त्यांच्या अहवालाने 2,363 स्थानकं आणि सुमारे 5,000 मैलांचे मार्ग प्रवाशांसाठी बंद करायला सांगितलं. आधार होता प्रवाशांच्या मोजणीचा. ती केली 23 एप्रिल 1961 रोजी संपलेल्या एका आठवड्यात. ईस्टर उलटून गेलेला, उन्हाळ्याच्या सुट्ट्या दूर. इल्फ्राकूमसारख्या समुद्रकाठच्या गावाची गर्दी एप्रिलमध्ये कशी दिसणार? शिवाय स्थानकाचं उत्पन्न धरलं जाई ते मुख्यतः तिथल्या खिडकीवर विकलेल्या तिकिटांवरून. सुट्टीला येणारा माणूस परतीचं तिकीट आपल्या शहरातूनच काढून येई, म्हणून त्याचे पैसे शहराच्या खात्यावर आणि गावाच्या नावावर नुसता खर्च. फाट्यावरून मुख्य मार्गावर येणाऱ्या उतारूंचा विचार अहवालाने केलाच नाही, असं मी म्हणत नाही. पण फाटा तुटला तरी हा माणूस बसने किंवा मोटारीने जंक्शन गाठेल, अशी आशा त्यात होती. एकदा मोटारीत बसलेला माणूस जंक्शनवर कशाला थांबेल? तो थेट मुक्कामापर्यंत मोटारीनेच गेला. बदली म्हणून दिलेल्या अनेक बसगाड्याही काही वर्षांतच बंद पडल्या. तोटा मात्र 1968 मध्येही दहा कोटी पौंडांच्या वरच होता.

मग करायला काय हवं होतं? उत्तर रेल्वेच्याच एका अधिकाऱ्याने दाखवून दिलं होतं. इप्सविच ते लोस्टॉफ्ट हा ईस्ट सफोकचा मार्ग बंद होण्याच्या यादीत होता. ईस्टर्न विभागाचे प्रमुख जेरार्ड फाइन्स यांचं म्हणणं सरळ होतं: दोन डब्यांच्या गाडीसाठी प्रत्येक छोट्या स्थानकावर पोर्टर, तिकीट कारकून आणि स्टेशनमास्तर कशाला? गार्डने गाडीतच तिकिटं द्यावीत, फाटकं स्वयंचलित करावीत, जिथे एका रुळाने भागतं तिथे दुसरा ठेवू नये. 1966 मध्ये तो मार्ग वाचला, तो आजही चालू आहे. तोटा मार्गाचा नव्हता, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या थाटाने तो चालवण्याचा होता. हीच रीत सगळीकडे आधी लावून पाहायला हवी होती. फाइन्स यांनी पुढच्या वर्षी अनुभव परखडपणे लिहून काढले, आणि त्यापायी त्यांची नोकरी गेली.

बीचिंग यांचे काही विरोधक सगळा दोष वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या रस्तेबांधणी कंपनीवर टाकतात. हितसंबंध होता, आणि तो लाजिरवाणाच होता. पण 1964 मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने निवडणुकीत मार्ग बंद करणं थांबवण्याचं आश्वासन दिलं होतं, आणि तरीही शेकडो मैल त्याच पक्षाच्या राजवटीत बंद झाले. तोट्यातल्या पण लोकांना आवश्यक असलेल्या सेवांना अनुदान देणारा कायदा बार्बरा कॅसल यांनी 1968 मध्ये आणला, तोवर पुष्कळ उशीर झाला होता. काही मार्ग खरोखरच निरुपयोगी होते आणि बीचिंग यांच्या कंटेनर मालगाड्यांची कल्पना उत्तम होती, हेही खुल्या मनाने मान्य करायला हवं.

जे मान्य करता येत नाही, ते रूळ उखडणं. एडिंबरा ते कार्लाइलचा वेव्हर्ली मार्ग जानेवारी 1969 मध्ये बंद झाला. शेवटच्या रात्री न्यूकॅसलटनच्या लोकांनी फाटक लावून लंडनची गाडी अडवली. गावच्या धर्मगुरूंना पोलिसांनी धरलं. गाडीत असलेले खासदार डेव्हिड स्टील यांनी मध्यस्थी केली, तेव्हा धर्मगुरू सुटले आणि गाडी हलली. पुढे रूळ गेले, पूल पाडले गेले, जागोजाग जमीन विकली गेली. 2015 मध्ये याच मार्गाचा ट्वीडबँकपर्यंतचा भाग पुन्हा बांधताना सुमारे 30 मैलांसाठी 29 कोटी पौंडांहून अधिक मोजावे लागले, आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांवर प्रवासी आले. उलट डेव्हनमधल्या ओकहॅम्प्टनला नियमित प्रवासी गाडी 1972 मध्ये बंद पडली, पण मेल्डनच्या खाणीतली खडी वाहण्यासाठी रूळ राहिले. तिथे नोव्हेंबर 2021 मध्ये रोजची गाडी परतली, ती जेमतेम चार कोटी पौंडांत. ट्वीडबँकच्या पुढचं हॉइक मात्र अजून गाडीविना आहे.