रिफायनरीतला गंधक विकला जातो, मग वीज केंद्रातला हवेत का सोडला जातो?

गंधक एकच, पण तो रिफायनरीत पकडला जातो आणि कोळशावर चालणाऱ्या बहुतेक वीज केंद्रांत चिमणीतून बाहेर पडतो. 11 जुलै 2025 ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या अधिसूचनेनंतर देशातल्या जवळपास 78 टक्के कोळसा संचांना तो पकडण्याची सक्ती उरलेली नाही.

रिफायनरीत काय होतं?

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू आहेत. एक किलो पेट्रोल-डिझेलमध्ये 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त गंधक चालत नाही. त्यामुळे तो इंधनातून काढावाच लागतो. हायड्रोजन वापरून काढला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू अतिशय विषारी. त्यातला एक तृतीयांश जाळून सल्फर डायऑक्साइड करतात. तो उरलेल्या वायूशी संयोग पावला की हाती येतं पाणी आणि पिवळा गंधक. कार्ल क्लाउस यांची ही 1883 ची युक्ती आजही चालते. हा गंधक सल्फ्युरिक ॲसिड आणि खतांसाठी विकला जातो.

मग वीज केंद्रात अडतं कुठे?

इथे गंधक कोळशासोबतच जळतो आणि धुराच्या प्रचंड लोटात विरून जातो. एवढ्या विरळ वायूतून शुद्ध गंधक काढणं परवडत नाही. म्हणून एफजीडी यंत्रणेत धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारतात आणि जिप्सम मिळतं. सिमेंटवाले ते घेतात, पण त्यातून खर्च निघत नाही. डहाणूच्या वीज केंद्रात 2007 मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी बसली. तिथे तर विकायला काहीच उरत नाही. तरीही ती बसली, कारण चिकू बागायतदारांनी आणि स्थानिकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला.

सरकार म्हणतं, भारतीय कोळशात गंधक कमी आहे, हवेतलं सल्फर डायऑक्साइडही मर्यादेत आहे. शिवाय एफजीडीमुळे वीज महागते.

पण हा वायू वायूच राहत नाही, खरी मेख इथेच आहे. हवेत त्याचे सल्फेट कण होतात, ते पीएम 2.5 मध्ये मोजले जातात आणि शेकडो किलोमीटर जातात. नियमात मात्र 10 किलोमीटरचं वर्तुळ आहे. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं या वर्तुळात आली तर एफजीडी सक्तीची, मुदत डिसेंबर 2027. अतिप्रदूषित भाग किंवा हवेचे निकष न पाळणारी शहरं असतील तर प्रत्येक केंद्राचा निर्णय वेगळा. बाकीच्यांनी फक्त चिमणीच्या उंचीचा निकष पाळायचा. म्हणजे धूर कमी करायचा नाही, जरा वरून सोडायचा.

2015 च्या मूळ नियमात यासाठी दोन वर्षांची मुदत होती. चंद्रपूर हे अतिप्रदूषित भागांच्या यादीतलं शहर. तिथल्या 2,920 मेगावॉटच्या केंद्राला एफजीडी लागेल का, हे आता तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर अवलंबून आहे.