मनगट, गोळी आणि पेरू

गाळप हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमधून दुचाकी काढणं म्हणजे कसरतच. घसरून हातावर पडलं की मनगट जातं. प्लेट बसते, टाके निघतात, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं. तरी काहींचा हात महिनोन्‌महिने सुजलेला, घामेजलेला राहतो. सदऱ्याची बाही घासली तरी कळ मस्तकात जाते. घरचे मात्र म्हणतात, नाटकं करतोय!

हे दुखणं टाळायला क जीवनसत्त्व द्यावं, असं नेदरलँड्सच्या झोलिंगर यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. मात्रा रोज ५०० मिलिग्रॅम, ५० दिवस. पण त्यांचे रुग्ण प्लास्टरवाले होते, शस्त्रक्रियेचे नव्हेत. पुढे २०१४ मध्ये एडिंबरोच्या अभ्यासात फायदा दिसलाच नाही. थोडक्यात, गोळी स्वस्त, खात्री कमी.

इंदापूरकडच्या पेरूत शंभर ग्रॅममागे दोनशेच्या वर मिलिग्रॅम क जीवनसत्त्व सापडावं. तो खुशाल खा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर प्लास्टरबाहेरची बोटं आजपासूनच हलवा.