वर्गसमीकरण ओळखायचे कसे?

दहावीच्या बीजगणितात मुले एका ठिकाणी हमखास चुकतात. ‘खालीलपैकी वर्गसमीकरणे ओळखा’ असा प्रश्न येतो. डोक्यावर २ दिसला की ‘होय’, नाही दिसला की ‘नाही’, असे भराभर लिहून मोकळी होतात. गुण गेले की आपण मोठी माणसे म्हणतो, ‘आपल्या घरात गणित कुणालाच जमत नाही.’ पोराचा धीर तिथेच खचतो. खरे तर चूक डोक्याची नसते, घाईची असते.

आपण दोन समीकरणे पाहू.

(क्ष + ३)² = क्ष² + १५
क्ष(क्ष + ५) = २४

पहिल्यात वर्ग ठळक दिसतो. पण कंस सोडवला की डावीकडे क्ष² + ६क्ष + ९ येते. दोन्हीकडचा क्ष² जातो आणि ६क्ष − ६ = ० एवढेच उरते. हे वर्गसमीकरण नव्हे. दुसऱ्यात वर्ग दिसतच नाही. पण गुणाकार करून मांडले की क्ष² + ५क्ष − २४ = ० मिळते. हे मात्र वर्गसमीकरण.

म्हणून आधी कंस सोडवावेत, सगळी पदे एका बाजूला आणावीत, सारखी पदे एकत्र करावीत. मग चलाचा सर्वांत मोठा घातांक २ आहे का, ते पाहावे.

ही रीत फार जुनी आहे. खलिफा मामून यांच्या काळात (८१३ ते ८३३) बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी ‘जब्र’ आणि ‘मुकाबला’ यांवर पुस्तक लिहिले. वजा असलेले पद दोन्हीकडे मिळवून तूट भरून काढणे म्हणजे जब्र. दोन्हीकडची सारखी पदे काढून टाकणे म्हणजे मुकाबला. ‘अल्जिब्रा’ हा शब्द त्या ‘अल-जब्र’वरूनच आला. वारसा, वसीयत, वाटणी आणि व्यापाराचे हिशेब लोकांना जमावेत, हा त्यांचा हेतू होता. समीकरण सहा प्रकारांपैकी कोणत्या प्रकारचे, हे ते आधी ठरवत आणि मगच सोडवत.

त्यांच्याकडे क्ष नव्हता. वर्गाला ते ‘माल’ म्हणत, मुळाला ‘जिझ्र’. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे : एक माल आणि दहा जिझ्र मिळून ३९ होतात, तर जिझ्र किती?

आज रात्री जेवण आटोपले की मुलांना घेऊन बसू या. उत्तर ३ आले की शाबासकी द्यावी. कुणी −१३ हेही उत्तर काढले, तर तेही बरोबर. ख्वारिज्मी फक्त धन उत्तर घेत, आपली मुले दोन्ही शिकतात.